रॉजर्स असताना लव्ह कशाला? ग्रीन बे पॅकर्सच्या २०२० च्या ड्राफ्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

ॲरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक संघात असताना पॅकर्सनी २०२० मध्ये जॉर्डन लव्ह हा दुसरा, तरुण क्वार्टरबॅक निवडला. तो निर्णय बरोबर होता का, हा इथला प्रश्न आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून जातो. तो फेकायचा की पळणाऱ्याच्या हाती द्यायचा, फेकायचा तर कुणाकडे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, तेही सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना. चांगला क्वार्टरबॅक मिळाला की संघाची दहा-पंधरा वर्षं मार्गी लागतात. नाही मिळाला तर प्रशिक्षक बदलतात, व्यवस्थापक बदलतात आणि शोध सुरूच राहतो.

नवा क्वार्टरबॅक मिळवायचा मुख्य रस्ता म्हणजे एप्रिलमधला ड्राफ्ट. इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगचे ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने निवडतात आणि मागच्या मोसमात जो तळाला होता त्याचा नंबर पहिला लागतो. तिजोरीत कितीही पैसा असला तरी रांग मोडता येत नाही, मात्र दुसऱ्या संघाला काहीतरी देऊन आपला नंबर बदलून घेता येतो. २०११ पासून नवोदितांचा पगारही निवडीच्या क्रमांकावरून जवळपास ठरलेला असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवं वर्ष जोडायचं की नाही हे संघ ठरवतो. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असते, २०२० मध्ये ती १९ कोटी ८२ लाख डॉलर होती. म्हणून नवोदित क्वार्टरबॅक चांगला निघाला, तर तो स्वस्त असेपर्यंतची तीन-चार वर्षं संघासाठी सोन्याची असतात. उरलेला पैसा बाकीच्या खेळाडूंवर खर्च करता येतो. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण या प्रकरणाचा सगळ्यात महागडा भाग त्यातच आहे.

ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं लाखभर वस्तीचं शहर. पॅकर्सना कुणी एक धनाढ्य मालक नाही, शेअर चाहत्यांकडे आहेत. त्यामुळे यंदाच चषक आणा म्हणून डोक्यावर बसणारं कुणी नसतं आणि खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजरला लांबचा विचार करायला वाव मिळतो. १९९२ पासून २०२२ पर्यंत या संघाचे मुख्य क्वार्टरबॅक दोनच होते, ब्रेट फार्व आणि ॲरन रॉजर्स. त्या तीस वर्षांत इतर संघांनी किती जण आजमावले हे पाहिलं की या दोन नावांचं मोल कळतं.

रॉजर्सला पॅकर्सनी २००५ मध्ये २४ व्या क्रमांकावर घेतलं होतं. फार्व तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि खेळत होता. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला, २००८ मध्ये फार्व न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये रॉजर्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. पॅकर्सच्या कचेरीत ही आठवण पाठ्यपुस्तकासारखी होती. २०२० मध्ये निर्णय घेणारे जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकन्स्ट २००५ मध्ये त्याच संघात खेळाडूंची पारख करणाऱ्यांपैकी एक होते.

पेच

२०१९ चा मोसम नवे मुख्य प्रशिक्षक मॅट लाफ्लर यांचा पहिलाच होता. संघाने १३ सामने जिंकले, ३ हरले आणि सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे पोहोचला. तिथे जानेवारी २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी त्यांना ३७-२० असं हरवलं. मध्यंतरालाच धावफलक २७-० होता. सॅन फ्रान्सिस्कोचा राहीम मोस्टर्ट एकटा २२० यार्ड पळाला आणि त्याने चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला. त्यांच्या क्वार्टरबॅकला अख्ख्या सामन्यात फक्त आठ वेळा चेंडू फेकावा लागला.

म्हणजे संघ जवळ होता, आणि उणिवा उघड्या पडल्या होत्या. पळून येणाऱ्याला रोखणारा बचाव कच्चा होता. चेंडू झेलणाऱ्यांत डेव्हान्ते ॲडम्स सोडला तर त्या मोसमात कुणीही ५०० यार्डांपर्यंत पोहोचला नव्हता. रॉजर्स ३६ वर्षांचा होता. त्याचे आकडे वाईट नव्हते: २६ टचडाउन आणि फक्त ४ इंटरसेप्शन (म्हणजे त्याने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलणं). पण तो पूर्वीचा रॉजर्स राहिला नाही अशी कुजबूज होती. २०१७ मध्ये त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं तेव्हा राखीव क्वार्टरबॅकच्या भरवशावर संघ ७-९ वर (७ विजय, ९ पराभव) घसरला होता, हेही कुणी विसरलं नव्हतं. दुसरीकडे त्याचा करार २०२३ पर्यंतचा होता. २०१८ मध्ये संघानेच तो चार वर्षांनी वाढवला होता आणि त्या वाढीची किंमत १३ कोटी ४० लाख डॉलर होती.

पहिल्या फेरीत पॅकर्सचा नंबर तिसावा. प्रश्न असा: जो संघ यंदा जिंकू शकतो त्याने आपली सर्वांत मौल्यवान निवड चार वर्षांनंतरच्या गरजेवर खर्च करावी का?

समोर असलेले पर्याय

सर्वांत लोकप्रिय पर्याय होता चेंडू झेलणारा, म्हणजे रिसीव्हर. त्या वर्षी त्यांचं पीक जबरदस्त होतं, पहिल्या फेरीतच सहा निवडले गेले. २२ व्या क्रमांकावर जस्टिन जेफरसन मिनेसोटाकडे गेला, २५ व्या क्रमांकावर ब्रँडन आयुक सॅन फ्रान्सिस्कोकडे. तरी तिसाव्या क्रमांकापर्यंत टी हिगिन्स आणि मायकल पिटमन शिल्लक राहिलेच होते. पुढे ते ३३ आणि ३४ व्या क्रमांकावर गेले आणि दोघंही उत्तम निघाले. चाहत्यांचा राग समजण्यासारखा होता. २००२ नंतर पॅकर्सनी पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर घेतला नव्हता.

दुसरा पर्याय बचाव बळकट करण्याचा होता. मोस्टर्टच्या त्या २२० यार्डांचं सर्वांत थेट उत्तर तेच होतं. २७ आणि २८ व्या क्रमांकांवर दोन लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतले खेळाडू, गेलेही, पॅकर्सकडे मात्र कुणी आला नाही.

तिसरा पर्याय थांबण्याचा, म्हणजे क्वार्टरबॅक एक-दोन वर्षांनी घेण्याचा. कागदावर हा सर्वांत शहाणपणाचा दिसतो आणि टीकाकारांचा सगळा भर यावरच होता. पुढच्या दोन ड्राफ्टमध्ये प्रत्यक्षात काय झालं ते पाहू. २०२१ मध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले, पण सगळे पहिल्या पंधरा क्रमांकांत. पॅकर्सचा नंबर २९ वा होता. त्या पाचांपैकी आपल्या संघात टिकून राहिला तो एकटा ट्रेव्हर लॉरेन्स. ट्रे लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने तर पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या आणि तोही गेला. २०२२ मध्ये पहिल्या फेरीत एकच क्वार्टरबॅक गेला, केनी पिकेट, आणि तोही दोन वर्षांत पिट्सबर्गहून बाहेर पडला. थोडक्यात, जिंकणाऱ्या संघाच्या नंबरपर्यंत चांगला क्वार्टरबॅक क्वचितच पोहोचतो. पोहोचला तर त्या क्षणी त्याची गरज आहे की नाही हा हिशेब दुय्यम ठरतो.

हे सगळं २०२० मध्ये कुणाला माहीत नव्हतं, हे मान्य. पण नियम माहीत होता, आणि पॅकर्सकडे तो जुना होता. नव्वदीच्या दशकात तेव्हाचे जनरल मॅनेजर रॉन वुल्फ यांनी फार्व ऐन भरात असताना मार्क ब्रुनेल, मॅट हॅसलबेक आणि ॲरन ब्रूक्स यांना नंतरच्या फेऱ्यांत निवडलं होतं. तिघंही पुढे इतर संघांचे मुख्य क्वार्टरबॅक झाले.

चौथा पर्याय जॉर्डन लव्ह. यूटा स्टेटचा, २१ वर्षांचा. २०१८ मध्ये ३२ टचडाउन आणि ६ इंटरसेप्शन. २०१९ मध्ये प्रशिक्षक बदलले, सोबतचे बरेच खेळाडू गेले, आणि आकडे आले २० टचडाउन व तब्बल १७ इंटरसेप्शन. हाताची ताकद आणि तोल गेलेला असतानाही चेंडू फेकण्याची हातोटी विलक्षण, निर्णय मात्र कच्चे. असा मुलगा पहिल्याच वर्षी मैदानात उतरवला तर बिघडण्याची भीती असते. दोन-तीन वर्षं बसवून घडवता येईल अशी जागा लीगमध्ये फारच थोड्या संघांकडे होती. पॅकर्सकडे ती होती.

निर्णय आणि कृती

२३ एप्रिल २०२० ला सुरू झालेला सगळा ड्राफ्ट करोनामुळे घरांतूनच पार पडला. पॅकर्सनी मायामीला आपला तिसावा नंबर आणि चौथ्या फेरीतला १३६ वा नंबर दिला, बदल्यात २६ वा घेतला आणि लव्हला निवडलं. पुढे दुसऱ्या फेरीत एजे डिलन हा पळणारा गडी आला, तिसऱ्या फेरीत जोसाया डेग्वारा हा टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि चेंडू झेलणाराही खेळाडू. संपूर्ण ड्राफ्टमध्ये एकही रिसीव्हर नाही.

२००५ मध्ये रॉजर्स घसरत घसरत स्वतःहून पॅकर्सपर्यंत आला होता. २०२० मध्ये पॅकर्स उठून लव्हकडे गेले. चौथ्या फेरीतली एक निवड ही किंमत किरकोळ होती, पण त्या चार पावलांचा अर्थ रॉजर्सला स्पष्ट वाचता येत होता. आणि त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने बारा वर्षं संघ खांद्यावर वाहिला त्याला आपला वारसदार निवडला गेल्याचं इतरांसारखंच कळलं. पुढच्या वर्षी गुटेकन्स्ट यांनी स्वतःच मान्य केलं की हा संवाद वेगळ्या रीतीने व्हायला हवा होता.

माझ्या मते इथे दोन वेगळे निर्णय आहेत आणि लोक ते एकत्र मोजतात. लव्हला घेणं हा एक. रॉजर्सला न सांगणं हा दुसरा. पहिल्याच्या बाजूने मी कितीही वेळ बोलू शकतो, दुसऱ्याच्या बाजूने एक वाक्यही सापडत नाही.

पुढे काय घडलं

२०२० मध्ये रॉजर्सने ४८ टचडाउन आणि फक्त ५ इंटरसेप्शन अशी कामगिरी केली आणि तिसऱ्यांदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीगमध्ये सर्वाधिक गुण पॅकर्सचेच होते. लव्हच्या निवडीने त्याला डिवचलं म्हणून तो असा खेळला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. लाफ्लर यांच्या पद्धतीचं ते दुसरं वर्ष होतं, चाली अंगवळणी पडल्या होत्या, आणि एवढं कारण पुरेसं आहे. जानेवारी २०२१ मध्ये घरच्या लॅम्बो फील्डवर टँपा बेने त्यांना ३१-२६ असं हरवून सुपर बोलपासून पुन्हा एक पाऊल मागे ठेवलं.

लव्ह त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक होता, एकाही सामन्यात गणवेश चढवला नाही. करोनामुळे सराव सामनेही झाले नव्हते.

एप्रिल २०२१ मध्ये, ड्राफ्टच्याच दिवशी, रॉजर्सला पॅकर्सकडे परतायचं नाही अशी बातमी फुटली. उन्हाळाभर तो सरावापासून दूर राहिला. जुलैत परतला तेव्हा पत्रकारांसमोर त्याने जे मांडलं त्यात लव्हबद्दल आकस नव्हता. आपल्या कामावर परिणाम करणाऱ्या निर्णयांत आपल्याला विचारलं जात नाही आणि जुन्याजाणत्या खेळाडूंना सन्मानाने निरोप दिला जात नाही, हे त्याचं दुखणं होतं. त्या वर्षी तो चौथ्यांदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नोव्हेंबरमध्ये त्याला करोना झाला आणि लव्हला कॅन्सस सिटीविरुद्ध पहिला सामना मिळाला. पॅकर्स १३-७ हरले आणि लव्ह गोंधळलेला दिसला. जानेवारी २०२२ मध्ये संघ सॅन फ्रान्सिस्कोकडून १३-१० हरून बाहेर पडला. त्या रात्री बहुतेक सगळे झेल ॲडम्स आणि ॲरन जोन्स या दोघांनीच घेतले होते. तिसरा भरवशाचा रिसीव्हर नसणं एखाद्या सामन्यात खरोखर नडलं असेल, तर तो हा सामना.

मार्च २०२२ मध्ये रॉजर्सने तीन वर्षांचा, सुमारे १५ कोटी डॉलरचा नवा करार केला. त्याच महिन्यात ॲडम्स लास वेगस रेडर्सकडे गेला. पुढचा मोसम ८-९ असा संपला. रॉजर्सचा अंगठा दुखावलेला होता, नवे रिसीव्हर कच्चे होते. नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध रॉजर्स जखमी होऊन बाहेर गेला आणि लव्हने शेवटच्या टप्प्यात ९ पैकी ६ फेकी अचूक करत ११३ यार्ड आणि एक टचडाउन मिळवला. टॉम क्लेमेंट्स हे जुने प्रशिक्षक, ज्यांच्या हाताखाली रॉजर्स घडला होता, त्या वर्षी परत आले होते आणि लव्हच्या पायांच्या हालचालींत फरक दिसू लागला होता.

एप्रिल २०२३ मध्ये रॉजर्स जेट्सकडे गेला, पंधरा वर्षांपूर्वी फार्व गेला होता त्याच संघाकडे. सप्टेंबरमध्ये चौथ्याच चालीत त्याची टाच जायबंदी झाली आणि मोसम संपला.

लव्हबाबत मे महिन्यात पॅकर्सना आणखी एक निर्णय करायचा होता. पाचव्या वर्षाचा पर्याय वापरला तर सुमारे २ कोटी डॉलर हमीने द्यावे लागले असते, आणि त्याच्या नावावर अवघा एक पूर्ण सामना होता. पर्याय सोडला तर वर्षअखेर तो मोकळा झाला असता. त्यांनी मधला मार्ग काढला: १ कोटी ३५ लाख डॉलरची हमी, चांगला खेळला तर २ कोटी २५ लाखांपर्यंत, करार २०२४ पर्यंत. धोका दोघांनी वाटून घेतला. या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत नेटका व्यवहार मला हाच वाटतो.

२०२३ ची सुरुवात वाईट झाली, नऊ सामन्यांनंतर संघ ३-६ वर होता. संघ लीगमधला सर्वांत तरुण होता, प्रमुख रिसीव्हर सगळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे. शेवटच्या आठ सामन्यांत लव्हने १८ टचडाउन केले आणि फक्त एक इंटरसेप्शन दिलं. मोसमाअखेर ४,१५९ यार्ड आणि ३२ टचडाउन. बाद फेरीत सातव्या मानांकनाच्या पॅकर्सनी डॅलसला त्यांच्या घरात ४८-३२ हरवलं, सातव्या मानांकनाचा संघ बाद फेरीत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून २४-२१ अशी हार झाली. जुलै २०२४ मध्ये लव्हचा करार चार वर्षांनी वाढला, किंमत २२ कोटी डॉलर.

वेगळं काय करता आलं असतं

रॉजर्सला आदल्या दिवशी एक फोन. त्याची संमती मागण्याची गरज नव्हती. पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेण्याचा विचार आहे, एवढं प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजरने सांगायला हवं होतं. त्याने तो नाराज झालाच असता, पण २०२१ च्या उन्हाळ्यातला अविश्वास कदाचित टळला असता.

रिसीव्हरचा प्रश्न तितका सरळ नाही. दुसऱ्या फेरीत डिलनऐवजी रिसीव्हर घ्यायचा होता असं सर्रास म्हटलं जातं. पण ६२ व्या क्रमांकानंतर फारसे चांगले रिसीव्हर उरले नव्हते. अपवाद म्हणावा तर गेब्रिएल डेव्हिस, जो १२८ व्या क्रमांकावर बफेलोकडे गेला. पॅकर्सनी मायामीला दिलेल्या नंबरच्या तो आठ जागा आधी होता. रिसीव्हर हवाच असता तर तो तिसाव्या क्रमांकावरच घ्यावा लागला असता. हिगिन्स की लव्ह? पुढची पाच वर्षं माहीत असूनही मी लव्हच घेईन. हिगिन्स हा उत्कृष्ट खेळाडू आहे, पण त्याच्यासारखे दर वर्षी तीन-चार येतात. पॅकर्सनीच २०२२ आणि २०२३ मध्ये क्रिश्चन वॉटसन, रोमियो डब्स, जेडन रीड असे तिघं पहिल्या फेरीबाहेर शोधले.

खरी चूक मला मार्च २०२२ मध्ये दिसते. लव्हच्या स्वस्त करारातली दोन वर्षं तेव्हा शिल्लक होती. ॲडम्स जाणार होता, म्हणजे त्या फळीचा काळ संपत आला होता. रॉजर्सच्या हातात सलग दोन वर्षांचे सर्वोत्तम खेळाडूचे किताब होते, त्याची किंमत त्याहून वर जाणार नव्हती. बाजारभाव काय होता हेही त्याच दिवशी कळलं: ८ मार्चला, रॉजर्स पॅकर्सकडेच राहणार हे स्पष्ट होताच, डेन्व्हरने सिएटलकडून रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक घेतला. त्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि तीन खेळाडू मोजले. डेन्व्हरचे नवे मुख्य प्रशिक्षक नॅथनिएल हॅकेट हे आदल्या मोसमापर्यंत पॅकर्सच्या आक्रमणाचेच समन्वयक होते, म्हणजे रॉजर्सला जवळून ओळखणारं गिऱ्हाईकही समोर होतं.

याला उलट बाजू आहे. कॅन्सस सिटीतला लव्ह पाहून त्याच्या हाती संघ सोपवायला धीर लागला असता, आणि क्लेमेंट्सबरोबरचं ते एक वर्ष त्याला मिळालं नसतं तर कदाचित २०२३ चा लव्ह दिसलाही नसता. गुटेकन्स्ट यांच्या जागी बसून, लागोपाठ १३-१३ सामने जिंकणाऱ्या क्वार्टरबॅकला निरोप देणं सोपं नव्हतं. तरीही लव्हला निवडण्यामागचा सगळा अर्थ हाच होता की असा दिवस आला तर हातात पर्याय असावा. तो दिवस आला आणि त्यांनी पर्याय खिशातच ठेवला. वर्षभराने जेट्सकडून मिळालं ते असं: पंधराव्याऐवजी तेरावा नंबर, दुसऱ्या फेरीची एक निवड, सहाव्या फेरीची एक, आणि २०२४ ची एक सशर्त निवड, जी रॉजर्सच्या दुखापतीमुळे पहिल्या फेरीची होता होता दुसऱ्या फेरीची राहिली. शिवाय रॉजर्सच्या जुन्या करारापोटी ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम पगारमर्यादेत अडकून राहिली, आणि लव्हच्या चार स्वस्त वर्षांपैकी संघाच्या कामी आलं फक्त एक.